मास्तरांच्या खिशातला ओटीपी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कम्प्युटरवर ‘सेंड ओटीपी’चं बटण दाबलं आणि समोर बसलेल्या रंजनाला म्हटलं, “हं, सांग आकडा.”

“माझ्याकडं नाय आला, मॅडम.”

“मग कुणाकडे आला?”

“मास्तरकडं.”

“कॉलेजच्या?”

“नाय. एसटीच्या.”

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात हे मला माहीत होतं. पण या मुलीच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाची किल्ली एका कंडक्टरच्या खिशात आहे, हे मला त्या क्षणी कळलं. तो कंडक्टर कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. आणि पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं.

मी विद्यापीठात बावीस वर्षं नोकरी करते आहे. त्यातली शेवटची नऊ आउटरीच विभागात. आउटरीच म्हणजे काय, असं आमच्याच सोसायटीतले लोक मला विचारतात. मी सांगते, ज्यांच्या घरातलं कुणीही कधी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्याकडे आपण होऊन जायचं, त्यांना हाताला धरून पायरीपर्यंत आणायचं, आणि ती चढेपर्यंत तिथून हलायचं नाही. पेठ, सुरगाणा, कळवण अशा तालुक्यांतली अकरावी-बारावीची मुलं आम्ही शनिवारी नाशिकला आणतो. त्यांना खऱ्या प्रयोगशाळेत खरी उपकरणं हाताळायला देतो. बारावी झाली की फॉर्म भरून देतो. शहरातल्या मुलाला हे काम घरचे लोक करून देतात, त्याला कळतही नाही कधी झालं ते. आमच्या मुलांचं याच टप्प्यावर घोडं अडतं. मार्क असतात, डोकं असतं, आणि एखादा दाखला नाही म्हणून किंवा तारीख कळली नाही म्हणून वर्ष जातं.

रंजना भोये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पाडा फरशी पुलाच्या पलीकडे. फरशी पूल म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी वाहतं. एका शनिवारी आम्ही या मुलांना इंजिनियरिंग कॉलेजच्या सर्व्हेच्या प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथे डम्पी लेव्हल नावाची दुर्बीण असते, तिने जमिनीची उंचसखल पातळी मोजतात. जुन्या डम्पी लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. बाकीची मुलं उलटे मित्र बघून हसत सुटली. रंजना मात्र डोळा लावून बराच वेळ उभी राहिली आणि मग तिथल्या सरांना तिने विचारलं, “सर, याच्यातनं आमची फरशी मोजली तर पाणी कुठवर चढंल ते आधी कळंल का?” सर म्हणाले, कळेल. “मग ज्यांनी बांधली त्यांनी मोजली नव्हती का?” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला जेवणाआधी दोनदा आणि जेवताना एकदा ही गोष्ट ऐकवली.

तर ही मुलगी. तिला कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्यभरच्या एकत्रित प्रवेश फेरीत, सरकारी कॉलेजात सिव्हिलची जागा लागली होती. आम्ही सांगितलेल्या यादीतला तिचा पहिला पसंतीक्रम. आता करायचं एकच होतं. पोर्टलवर लॉगिन करून ‘मला ही जागा मान्य आहे’ असं सांगायचं. त्यासाठी चार दिवस मिळतात. चौथ्या दिवशी पाचच्या आत सांगितलं नाही, तर जागा पुढच्याला जाते आणि मग कुणाच्याही पाया पडलं तरी ती परत येत नाही. रंजनाच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. या वर्षी प्रवेश झाला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला. वडील वाईट नव्हते, मी भेटले होते त्यांना. त्यांच्या हिशेबाने एक वर्ष थांबणं हीच मोठी गोष्ट होती.

आणि ती चौथ्या दिवशी दुपारी तीनला आमच्या हेल्पडेस्कवर येऊन बसली होती. मी आधी तिच्यावरच उखडले. चार दिवस कुठे होतीस, म्हटलं. आम्ही एसएमएस पाठवला, परत पाठवला, तुला बघता येत नाही का? ती म्हणाली, मला एक पण नाय आला. तिला तर काल बाजारात तिच्या ज्युनियर कॉलेजच्या सरांनी गाठून सांगितलं होतं. सकाळी पाड्यावरून चालत, मग जीपने, मग बसने ती आली होती.

एसएमएस गेले होते मास्तरांच्या मोबाइलवर.

हा नंबर फॉर्मवर आला कसा, तेही सांगते, कारण त्यात माझंच कर्तृत्व आहे. उन्हाळ्यात आम्ही पेठला फॉर्म भरायचं शिबिर घेतलं. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. निम्म्या मुलांकडे फोन नव्हता. ज्यांच्या घरी होता, तिथे रेंज नव्हती. दारात रांग वाढत चाललेली, नेट मधूनच जाणारं, आणि मी मुळातच घाईची बाई. मी खुर्चीवर उभी राहून सगळ्या हॉलला ओरडून सांगितलं, “कुणाचाही टाका, पण चालू नंबर टाका!” रंजना तशीच पळत बाहेर स्टँडकडे गेली आणि पाच मिनिटांत परत आली. तिच्या हातात एसटीचं तिकीट, त्याच्या मागे दहा आकडे लिहिलेले. मी म्हटलं, शाब्बास, याला म्हणतात तडफ. तिकिटाच्या मागे कुणाचं अक्षर आहे हे काही मी विचारलं नाही.

पाड्याच्या दृष्टीने तो सगळ्यात भरवशाचा नंबर होता. तिथे मुक्कामी गाडी जाते. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी परत निघणारी एसटी. कंडक्टर रोज शहराकडे जातो, रेंजमध्ये जातो आणि रोज परत येतो. म्हणून निम्म्या पाड्याने निरोपासाठी त्याचाच नंबर दिलेला. गॅसवाल्याकडे, दवाखान्यात, सगळीकडे. व्यवस्था उत्तम होती. फक्त महिन्यापूर्वी पगारे मास्तरांची ड्युटी बदलली आणि गाडीवर दुसरे कंडक्टर आले. हे काही कुणी पोर्टलला कळवलं नाही.

मी मास्तरांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत वाजून बंद. चौदाव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की हा माणूस फोन उचलतच नाहीये, आणि मधल्या वेळात ओटीपीची मुदत संपली होती. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं की दिवसाला तीनच वेळा ओटीपी मागवता येईल, एक वापरला, दोन शिल्लक. बटण दाबण्याआधी एक साधा प्रश्न विचारला असता तर तीनही शिल्लक राहिले असते.

आमचे संचालक देवरे सर आवाज ऐकून केबिनमधून बाहेर आले. सर सटाण्याकडचे. एरवी अगदी ठेवणीतली मराठी बोलतात, पण टेन्शन आलं की अहिराणीवर उतरतात.

“काय शे हे?” त्यांनी विचारलं.

मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. तो बराच वेळ एंगेज. मग लागला, आणि पलीकडून शांतपणे उत्तर आलं की नोंदवलेला मोबाइल नंबर बदलता येतो, त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला जाईल. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. रंजना दोघांकडे आळीपाळीने बघत होती. रडत नव्हती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान मी तिला गप्प करण्यात वेळ घालवला असता.

मी तिला विचारलं, आता मास्तर कुठल्या गाडीवर असतात काही माहीत आहे का? ती म्हणाली, कळवणकडं गेले म्हणतात. मूळचे मनमाडचे आहेत. बस, एवढंच. पण एवढं पुरेसं होतं. मी स्कूटरची किल्ली उचलली. सरांना म्हटलं, तुम्ही कम्प्युटरसमोरून हलू नका आणि मी सांगेपर्यंत त्या बटणाला बोट लावू नका. संचालकांना असं सांगायची माझी ती पहिलीच वेळ. ते मुकाट्याने माझ्या खुर्चीत बसले.

गंगापूर रोडवरून सीबीएसच्या एसटी स्टँडवर मी स्कूटर कशी आणली ते माझं मलाच ठाऊक. अशोक स्तंभाला एका रिक्षावाल्याने मला जे काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मागे रंजना एका हाताने मला धरून आणि दुसऱ्या हाताने फाईल छातीशी आवळून बसली होती. वाटेत ती एकच वाक्य बोलली, “मॅडम, हळू चालवा, पडलो तर मग कायच नाय होणार.” बरोबर होतं तिचं. पण मी हळू चालवली नाही.

स्टँडवर कंट्रोलरची केबिन असते. गाड्या कधी येतात, कधी जातात, कुठल्या गाडीवर कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, याची सगळी नोंद तिथे असते. ड्युटीवर आहेर नावाचे गृहस्थ होते. समोर मोठं रजिस्टर, हाताशी माइक, आणि खिडकीतून एकाच वेळी चार जण प्रश्न विचारताहेत. मी पाचवी. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “चौकशी पलीकडच्या खिडकीत.”

मी म्हटलं, चौकशी नाही, एका मुलीचं आयुष्य आहे. आता हे वाक्य जरा नाटकी झालं, कबूल आहे. पण त्यांनी मान वर केली. मी सांगायला लागले आणि ते ऐकता ऐकता रजिस्टरची पानं उलटायला लागले. पगारे. नाशिक-कळवण. तीनला सुटलेली गाडी. घड्याळात चार वाजायला दहा कमी होते.

“फोन नाही उचलणार तो,” आहेर म्हणाले. “दिंडोरीपर्यंत गाडी फुल असते. तिकिटं सोडून फोन घेऊ देईल का पब्लिक? आता वणीलाच.”

वणीच्या स्टँडवर गाडी थांबते आणि कंडक्टरला खाली उतरून तिथल्या केबिनमध्ये वेळेची नोंद करावी लागते. ही त्यांची कामाची पद्धत. कितीही उशीर झालेला असो, नोंद केल्याशिवाय गाडी हलत नाही. आहेरांनी तिथल्या कंट्रोलरला फोन लावून सांगितलं, कळवण गाडीचा पगारे आला की त्याला सोडू नको, आधी मला फोन जोडून दे. मग मला म्हणाले, बसा. पुढे घाट आहे, तिथे रेंज जाते. जे काय ते वणीतच उरकायचं.

मला बसवेना. मी केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. आहेर मधूनच माइकवर त्र्यंबक, मनमाड, धुळे अशा गाड्यांची नावं पुकारत होते. चार. चार दहा. चार वीस. रंजना बाकावर फाईल मांडीवर ठेवून बसली होती. मी तिला तीनदा विचारलं, पाणी हवं का? तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मॅडम, तुम्हीच प्या.”

चार पंचवीसला फोन वाजला. वणी. पगारे मास्तर लाइनवर.

मी आहेरांच्या हातातून रिसीव्हर जवळजवळ हिसकावला. माझ्या मोबाइलवर देवरे सर दुसऱ्या कानाला तयार होते. सरांना म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं. आणि मी मास्तरांना म्हटलं, “नमस्कार, मी विद्यापीठातून बोलतेय, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल, तो मला पटकन सांगा.”

पलीकडून एक संथ, खर्जातला आवाज आला.

“ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, मॅडम.”

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, पण हा आमचाच आहे. ते म्हणाले, तसं सगळेच म्हणतात. गेल्याच महिन्यात डेपोत फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. व्याख्यात्याने सांगितलं होतं, ओटीपी बायकोलासुद्धा द्यायचा नाही. मी म्हटलं, माझ्याशेजारी कंट्रोलर आहेर बसलेत, त्यांना विचारा. ते म्हणाले, फोनवर कुणीही आहेर होतं. आणि दुपारपासून चौदा मिस्ड कॉल होते ते तुमचेच का? मला तेव्हाच शंका आली. शिवाय चार दिवसांपासून ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’ असे मेसेज येताहेत. तसले मेसेज मी उघडत नाही, डिलीट करतो.

ते अभिनंदन मीच लिहिलं होतं. मोठ्या कौतुकाने, तीन मसुदे करून.

आता मी शांतपणे सगळं समजावून सांगायला हवं होतं. पण माझा पारा चढला. मी आवाज चढवून म्हटलं, अहो, एका पोरीचं वर्ष जाईल, तुम्हाला कळतंय का? माझ्याकडे अर्धा तासही नाही, डोकं चालवा जरा. ते म्हणाले, “मॅडम, फसवणारे असंच ओरडतात आणि अशीच घाई करतात. ज्या पोरीसाठी मी नंबर दिला होता, ती स्वतः येऊन विचारायची. तुम्ही कोण?” आणि त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला.

दुसऱ्या कानात देवरे सर ओरडत होते, आकडा, आकडा! मी म्हटलं, सर, गेला. दुसरा पण गेला.

मी मटकन बाकावर बसले. चार पस्तीस. खरं सांगते, नऊ वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो माणूस चुकीचा नव्हता. जो सल्ला आम्ही आमच्या मुलांना देतो तोच तो तंतोतंत पाळत होता. चुकले होते ती मी. शिबिरात घाई केली तेव्हा चुकले, तीन दहाला बटण दाबलं तेव्हा चुकले, आणि आत्ता ओरडले तेव्हाही. आणि भोगणार होती ती शेजारी बसलेली मुलगी.

तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, मी बोलू का?”

दीड तास झाला होता. हेल्पलाइन, मास्तरांचे चौदा कॉल, आहेर, वणी, सगळीकडे मी बोलत होते आणि सर बोलत होते. जिचं काम, तिच्या हातात एकदाही कुणी फोन दिला नव्हता. मास्तरांनी तर तोंडावर सांगितलं होतं की ती स्वतः विचारायची, आणि तेही माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

आहेर माझ्याआधी हलले. त्यांनी वणीला परत फोन लावला. तिथला कंट्रोलर म्हणाला, पगारे गाडीकडे गेला, डबल बेल द्यायच्या बेतात आहे. आहेर म्हणाले, पळ आणि आण त्याला. फोनमधून कुणीतरी पळाल्याचे आणि हाका मारल्याचे आवाज आले. आहेरांनी रिसीव्हर रंजनाच्या हातात दिला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

“मास्तर, मी रंजू. फरशीपल्याडची.”

“कोण रंजू?” आवाज अजून कडकच होता. “कशावरून?”

ती तिच्या नेहमीच्या आवाजात, जराही घाई न करता, बोलायला लागली.

“सोमवारी तुमचं जेवण आमच्याकडं असायचं. पहिल्यांदी तुम्हाला नागलीची भाकर गिळत नव्हती, पाणी पीत पीत खाल्ली. मंग तुम्हीच दोन मागायला लागले. ड्रायव्हरदादांना उडदाचं भुजं लय आवडायचं.”

मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला पाड्यावर पाळीपाळीने जेवण देतात. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. कुणी ठरवून दिलेलं नाही, वर्षानुवर्षं चालत आलंय. हे मला आहेरांनी नंतर सांगितलं.

रंजना पुढे म्हणाली, “आन फरशीवर पाणी आलं तवा गाडी अलीकडं उभी केली होती. तुमचं तिकिटाचं मशीन भिजंल म्हणून मी वढणीत गुंडाळून डोक्यावर आणलं. तुम्ही मागनं म्हणत होता, मी पडलो तर पडू दे, मशीन पाडू नको.”

आहेर खळखळून हसले. आणि पलीकडचा तो खर्जातला आवाज एकदम निराळाच झाला.

“अगं पोरी, तू हायेस होय! मग आधी का नाही बोललीस?”

रंजनाने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. तिने माझी इज्जत राखली.

मास्तरांना तिने दोन वाक्यांत सांगितलं की कॉलेज लागलंय आणि पाचच्या आत नंबर टाकायचाय. मला त्याच गोष्टीला तेवढी भाषणं लागली होती. ते म्हणाले, पाठव. आता एकच ओटीपी शिल्लक होता. मी मोबाइल कानाला लावला आणि म्हटलं, सर, शेवटचा. दाबा.

दाबला. चार त्रेचाळीस.

ओटीपी येईना. चार चव्वेचाळीस. मास्तर म्हणाले, केबिनमध्ये रेंज कमी आहे, बाहेर जाऊन बघतो. बाहेर गेले. वणीचा कंट्रोलर आम्हाला खिडकीतून बघून सांगत होता, आता हात वर केलाय, आता गाडीच्या पायरीवर चढलाय, आता टपावर जायच्या शिडीवर चढलाय. मागून ड्रायव्हर विचारत होता, काय झालं? मास्तरांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आपली पोरगी इंजिनियर व्हायलीय, पाच मिनटं थांबा!” गाडीत कोण माणसं होती कुणास ठाऊक. वणीला चढलेले, कळवणला जाणारे, भाजीच्या जाळ्या घेऊन बसलेले. त्यांच्यातल्या एकानेही गाडी काढा म्हणून आरडाओरडा केला नाही. उलट कुणीतरी म्हणालं, विमानात टाका तो मोबाइल, मग परत काढा, लगेच येतं. म्हणजे एअरप्लेन मोड. मास्तरांनी टाकला, काढला.

“आला!” वणीचा कंट्रोलर ओरडला.

मास्तर शिडीवरून एकेक आकडा ओरडत होते, कंट्रोलर तो फोनमध्ये सांगत होता, रंजना तो मोठ्याने म्हणत होती आणि मी माझ्या मोबाइलमध्ये सरांना सांगत होते. सहा आकडे चार तोंडांतून गेले. मी तर बोटांवर मोजत होते, पाच झाले की सहा. आहेर फोनवर वाकले. खिडकीत धुळ्याच्या गाडीचं विचारायला आलेला माणूसही आपली गाडी विसरून आत डोकावत होता.

सरांकडून काही ऐकू येईना. नुसता माउसचा आवाज. मग सर, आमचे पीएच.डी. झालेले, मीटिंगमध्ये कधी आवाज न चढवणारे देवरे सर, इतक्या जोरात ओरडले की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

“हुई गयं! हुई गयं, मॅडम! ॲक्सेप्टेड!”

चार एक्कावन्न. मी रंजनाला मिठी मारली, फाईल मध्येच चुरगळली. आहेरांनी उगाचच माइक चालू करून बंद केला. रंजनाने फोनमध्ये सांगितलं, “मास्तर, झालं.” पलीकडे मास्तरांनी ते गाडीला सांगितलं असावं, कारण टाळ्यांचा आवाज आला आणि मग डबल बेल. गाडी घाटाकडे निघून गेली. तेव्हा कुठे रंजना रडली. मी पण. आहेरांनी आम्हाला दोघींना चहा पाजला आणि मला म्हणाले, मॅडम, आता स्कूटर जरा हळू चालवा.

गाडी वणीला बावीस मिनिटं जास्त थांबली होती. मास्तरांनी उशिराचं कारण म्हणून काय लिहिलं असेल याची मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन आहेरांना विचारलं. त्यांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, “प्रवाशाच्या सोयीसाठी.”

रंजना आता सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, ‘अभिनंदन! आपली मुलगी पास झाली.’ मी डिलीट करणारच होते. मग बघितलं, नंबर ओळखीचा होता. चौदा वेळा फिरवला होता मी.

आमच्या फॉर्ममध्ये आता एक नवा रकाना आहे. मोबाइल नंबरच्या खाली छापलंय, ‘हा फोन कुणाच्या खिशात असतो?’ वरच्या ऑफिसमधून विचारणा झाली की ही कसली भाषा, ‘मोबाइलधारकाशी नाते’ असं लिहा. देवरे सरांनी पत्राला उत्तरच दिलं नाही. शिवाय मुलांना आम्ही सिमकार्ड मिळवून देतो, आणि एसएमएस ‘अभिनंदन’ने सुरू करत नाही. मुलाच्या नावाने सुरू करतो.

एवढ्याने काम संपलं असतं तर बरं झालं असतं. परवा पेठच्या शिबिराला रंजना मदतीला आली होती. टेबलामागे ती आणि शेजारी मी. समोर एक मुलगी, मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत असलेली. रंजनाने तिला विचारलं, हा नंबर कुणाचा? मुलगी गप्प. मागे रांग वाढत होती. नेट गेलं होतं. मला राहवेना, मी पुढे वाकून म्हटलं, अगं, ती काय म्हणतेय की तुझ्या घरी…

रंजनाने माझ्या हातावर हात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, तिला बोलू द्या.”

मी गप्प बसले. पूर्ण दीड मिनिट. मग ती मुलगी बोलली.